खल इकडे, बत्ता तिकडे

अहो अहो अहो... हात नका लावू त्या पिशवीला! बसायचंय ना तुम्हाला? बसा की. मी सरकतो, ह्या वहिनी सरकतील, अगदीच झालं तर आपण सगळे मिळून बाक सरकवू, पण पिशवीला हात लावायचा नाही. तुमच्या भल्यासाठी सांगतोय. गेल्या रविवारी ह्याच थांब्यावर एक तरणाताठा गडी, दंड हे एवढे, मोठ्या ऐटीत म्हणाला, ‘काका, मी ठेवतो बाजूला,’ आणि एका हातानं उचलायला गेला... एका हातानं! बसला ना तिथंच कंबर धरून! बस आली, बस गेली, तो आपला वाकलेलाच. वर मलाच विचारतो, ‘पिशवीत मुडदा भरलाय का?’ आता काय बोलायचं? मुडदा परवडला हो! मुडद्याला चार खांदे तरी मिळतात. ह्याला उचलायचा कोणी? आम्ही!

खल आहे, खल. खलबत्त्यातला खल. संगमरवरी. पांढराशुभ्र, म्हणजे एकेकाळी पांढराशुभ्र, आता म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा, अंगावर करड्या शिरा, धरायला दोन बाजूंना दोन कान, आणि वजन... वजनाचं विचारू नका. मी लिफ्टवाला आहे. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला, तेव्हा वजन म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. लिफ्टमध्ये एक माणूस जास्त झाला की घंटी वाजते, दार लागत नाही, लिफ्ट जागची हलत नाही, सरळ सांगते, जमणार नाही, उतरा खाली! मशिनला अक्कल असते हो. माणसाच्या अंगात तशी घंटी बसवायची राहूनच गेली. आणि गंमत बघा, अख्ख्या शहराच्या लिफ्टा मी चालू ठेवतो, आणि मी राहतो त्या बिल्डिंगला लिफ्टच नाही. तिसरा मजला. पायऱ्या किती आहेत ते मी कधी मोजलं नाही, मोजलं तर गुडघे संपावर जातील.

काय म्हणालात वहिनी? बत्ता कुठाय? विचारलंत ना! सगळे तेच विचारतात. बत्ता नाहीये. खल आमच्याकडे, बत्ता साडूकडे. हसू नका, मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं, आणि त्या हसण्यापायी आमच्या हिनं माझ्याकडे असं बघितलं की तेव्हापासून ह्या विषयावर मी घराबाहेरच हसतो.

तुम्हाला सांगतो, हा खल माझ्या सासऱ्यांचा. सासरे औषधाच्या दुकानात कामाला. त्या काळी गोळ्या अशा चंदेरी पाकिटात झोपून येत नव्हत्या, डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली की दुकानात बसून औषध कुटायचं, घोटायचं, पुड्या बांधायच्या, ते सगळं ह्याच्यात. पुढे तयार गोळ्या आल्या, खल बसला रिकामा. मालक सासऱ्यांना म्हणाला, ‘घेऊन जा घरी, दुकानाची आठवण म्हणून.’ आठवण कसली, मालक सुटला! सासऱ्यांनी घरी आणला, सासूबाईंनी त्यात जाडं मीठ घालून घासला, तांदूळ घालून घोटला, ते पीठ फेकलं, पुन्हा घोटला, पुन्हा फेकलं, औषधाचा वास पार जाईपर्यंत बाई हटल्या नाहीत, आणि मग जो ओट्यावर बसवला तो बसवला. मिरी म्हणू नका, लसूण म्हणू नका, सगळं त्यात. आणि आवाज... लोखंडाचा असतो ना तो ठणठणाट, तसा नाही. भरलेला आवाज. टुक्... टुक्... टुक्... आमची ही म्हणते, आई रागावलीय की खुशीत आहे ते आम्हाला अंथरुणातच कळायचं, आवाजावरून.

शेवटची वर्षं सासूबाई आमच्याकडेच होत्या. त्या आल्या, मागून खलही आला. तिसऱ्या मजल्यावर चढवला कोणी? आम्ही! मग त्या गेल्या. झोपेत गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. त्रास द्यायचं काम त्यांनी ह्याच्यावर सोपवलं.

मागे दोन मुली. थोरली ताई आणि धाकटी आमची ही. दोघींचा एकमेकींवर जीव म्हणाल तर असा, की रोज दुपारी चहाच्या वेळेला फोन ठरलेला. बोलायच्या काय? ‘काय गं, काय चाललंय?’ ‘काही नाही. तुझं?’ ‘माझंही काही नाही.’ ह्या ‘काही नाही’वर ह्यांचा तास जायचा! चहा गार, मी समोर, बिस्किटं मऊ... पण ही हसायची हो. फोनवर ताई काहीतरी बोलायच्या आणि ही अशी हसायची की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायच्या, काय झालं?

तर सासूबाईंचं सामान वाटून घ्यायला दोघी बसल्या. ‘कपाट तू घे गं.’ ‘नको ताई, तूच घे.’ ‘ही शाल तुला शोभते.’ ‘नाही, आईच्या मनात तुझ्यासाठी होती...’ डोळ्यांत पाणी, हातात हात. मी आणि साडू बाहेर बसून ऐकतोय, साडू मला म्हणतात, काय बहिणी आहेत नाही! आणि तेवढ्यात पाळी आली ह्याची.

साडूंचं औषधांचं दुकान आहे. ताई म्हणाल्या, ‘हा आपण दुकानात ठेवू. काचेच्या कपाटात. औषधाच्या दुकानातून आला, औषधाच्या दुकानात जाईल. बाबांची आठवण.’

हिचा आवाज बदलला. ‘काचेत? आई जन्मभर ज्याच्यात कुटत आली ते काचेत ठेवायचं? लोकांनी बघायला? ताई, ह्याच्यात कुटायचं असतं.’

आणि ताई, अगदी सहज, शालीची घडी घालता घालता, ‘तू कुटणार? तुझ्याकडे तर मिक्सर आहे.’

झालं! मी आणि साडूंनी एकमेकांकडे बघितलं. मिक्सर मी आणलेला, तेव्हा त्यातही माझाच दोष. आतून आवाज चढायला लागले. ‘शेवटी आईला मी सांभाळलं.’ ‘म्हणजे मी नाही सांभाळलं?’ ‘मी असं म्हटलं का?’ ‘म्हणायचं काय राहिलंय?’ धावत आत गेलो तर ताईंच्या हातात बत्ता आणि हिनं खलाला मिठी मारलेली! ‘ठेव तो बत्ता खाली.’ ‘आधी तू तो खल सोड.’ दोघींची साठी जवळ आलीये हो! आणि ताई गेल्या निघून, बत्त्यासकट. कपाट राहिलं, शाल राहिली, चपला उलट्यासुलट्या घालून गेल्या. साडू बिचारे मागून, दारातनं वळून माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली, आता काय करायचं? मी पण तीच खूण केली. दुसरं होतं काय आमच्या हातात?

दोन वर्षं गेली अशी! फोन बंद, येणंजाणं बंद. चहाची वेळ झाली की ही कप घेऊन बसायची आणि फोन समोर पालथा घालून ठेवायची. पालथा! म्हणजे वाजला तर कळावा, पण आपण वाट बघतोय हे फोनला कळू नये. मी विचारायचो, ‘तूच कर की.’ ‘मी का करू? ती मोठी आहे.’ तिकडे ताई काय म्हणत असतील ते सांगायला नकोच, ‘मी का करू? ती लहान आहे.’ हिचं हसणं पार गेलं. आणि ही काही आदळआपट करणारी बाई नाही, सगळं वेळच्या वेळी, चहा वेळेवर, जेवण वेळेवर, फक्त घरात माणूस असून नसल्यासारखं. मला बघवत नव्हतं हो. एखादी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते ना, आत दिवा चालू असतो, पंखा चालू असतो, पण दार ना वर उघडतं ना खाली. तशी.

आणि खल? तो बसलाय ओट्यावर. कुटायचा कशानं? बत्ता नाही. लाकडी बत्ता आणून दिला, म्हणाली, ‘आईचा खल आहे तो, त्यात काहीही घालायचं नाही.’ मग हळूहळू त्यात किल्ल्या पडायला लागल्या. मग रबरबँड. वाळलेली पेनं, माझे स्क्रू, कुठल्या तरी शर्टाची बटणं... हे चाललं तिला! आणि ओटा पुसताना खल उचलायचा, खाली पुसायचं, पुन्हा ठेवायचा. रोज. उचलायचा कोणी? आम्ही!

एकदा मला वाटलं, हिला बरं वाटेल असं काहीतरी करू. ती बाहेर गेली होती, म्हटलं खल चमकवून देतो. भांडी लिंबानं चकचकीत होतात ना? अर्धं लिंबू घेतलं आणि घासत सुटलो. बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. मला आनंद, म्हटलं मळ निघतोय! मळ कसला, खल निघत होता! धुऊन बघतो तर होती ती चकाकीही गेली, हा इथं बघा, डाग... नुसतं बघा, हात नाही लावायचा. ही घरी आली, डागावरनं बोट फिरवलं आणि किल्ल्या परत त्यात टाकल्या. त्यापेक्षा बडबडली असती तर बरं झालं असतं.

आता आमचे साडू. भांडण त्या दोघींचं, आमचं काय वाकडं? त्यांच्या दुकानाच्या बिल्डिंगची लिफ्ट माझ्याकडेच आहे दुरुस्तीला, आणि ती लिफ्ट... आता तुमच्याजवळ कबूल करायला हरकत नाही, त्या लिफ्टला काही झालेलं नसताना मी बऱ्याचदा जायचो. काउंटरच्या मागे स्टुलावर बसायचं, चहा प्यायचा आणि साडूंचं ऐकायचं. साडू म्हणजे औषधाच्या डबीतला तो घडी घातलेला कागद असतो ना, उघडावा तितका लांब होत जातो, तसे. मी लिंबाचं सांगितलं मात्र, त्यांनी कपाळावर हात मारला. ‘साडूभाऊ! संगमरवराला आंबट? अहो, त्याला सगळं चालतं, आंबट तेवढं सोसत नाही!’ आणि झाले सुरू. ‘माणूस शेती करायच्या आधीपासून दगडावर दगड घासतोय.’ म्हटलं, म्हणजे माझ्याआधीही कोणीतरी उचलत होतं. ‘रोमन लोकांच्या स्वयंपाकघरात संगमरवरी खल होते, अजून खणताना सापडतात.’ म्हटलं, सापडणारच की! घर सोडून पळताना कोण घेतंय ते बरोबर? रोमन माणसाला गुडघे नव्हते का?

ते कुठले थांबतात! ‘मग औषधवाल्यांनी हा धरला, शेकडो वर्षं सोडला नाही. का सोडला नाही? लाकूड वास धरतं, कालचा लसूण आजच्या वेलचीत येतो. लोखंड गंजतं. पितळ कळकतं. संगमरवर वास धरत नाही, गार राहतो, आणि मुख्य म्हणजे कितीही कुटा, जागचा हलत नाही! वजन हाच त्याचा गुण!’ म्हटलं, हे तुम्हाला बोलायला काय जातंय, तुमच्याकडे बत्ता आहे. ‘आणि मिक्सर काय करतो? मिक्सर चिरतो, तापवतो. खलात मिरी चिरडते, तिचं तेल सुटतं, घरभर वास जातो. म्हणून तर लोक परत घ्यायला लागले! मध्ये माळ्यावर टाकले होते, आता नवं घर म्हटलं की ओट्यावर संगमरवरी खलबत्ता पाहिजेच.’ ते खरं आहे, आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आणलाय. वाटीएवढा. आतून आरशासारखा गुळगुळीत! मिरी टाकली, बत्ता मारला, की मिरी टुणकन बाहेर. कुटण्यापेक्षा मिरी शोधण्यातच त्यांचा वेळ जातो. खल आतून खरखरीत लागतो हो, नाहीतर पकडणार काय? पण त्या खूश आहेत. फोटोत छान येतो म्हणे.

आणि हे सगळं व्याख्यान चालू असताना माझ्यासमोर काचेच्या कपाटात, खोकल्याच्या बाटल्यांच्या वर, मखमलीवर, एकटा बत्ता! नुसता बत्ता! गिऱ्हाईक येतं, बराच वेळ त्याच्याकडे बघतं, मग हळूच साडूंना विचारतं, ‘हे... कशावर आहे?’ एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, ‘लावायचं की शेकायचं?’ साडू मला म्हणतात, ‘साडूभाऊ, मला आता लाज वाटते. आणि घरी आमची ही... जेवताना दोन घास कमी जेवते. विचारलं तर म्हणते भूक नाही. मी औषधवाला माणूस, पण ह्यावर काही नाही माझ्याकडे.’ हे बोलताना त्यांचा चष्मा धुरकटला. मी म्हटलं, चहाची वाफ असेल. चहा कधीच संपला होता.

तेव्हा आम्ही ठरवलं. कोणीतरी एकानं माघार घ्यायची. खल आणि बत्ता एकत्र आणायचा, एका घरी द्यायचा, विषय संपवायचा. दोन्ही घरांच्या मध्ये एक चहाचं दुकान आहे, तिथं भेटायचं. ही बाजारात गेल्याबरोबर मी किल्ल्या काढल्या, बटणं काढली, स्क्रू काढले आणि खल घेऊन जिना उतरलो. साडू बत्ता घेऊन आले, पेपरात गुंडाळून, चोरट्या मालासारखा. टेबलावर खल ठेवला, त्यात बत्ता ठेवला... काय सांगू तुम्हाला, बरोबर बसला. जिथं त्याची जागा झिजली होती तिथंच जाऊन टेकला. चहावाला आला, त्याला काय वाटलं कोण जाणे, साखरेचे दोन मोठे खडे त्यात टाकले आणि म्हणाला, ‘बघू तरी.’ साडूंनी कुटले. टुक्... टुक्... मी आणि साडू, दोघंही खाली मान घालून बसलो. सासूबाईंचा आवाज हो तो, दुसरं काय!

मग मी म्हटलं, ‘न्या साडूभाऊ. तुम्ही मोठे, तुमच्याकडेच शोभतो.’

‘छे छे! सासूबाई तुमच्याकडे होत्या. तुम्हीच न्या.’

‘असं कसं? औषधाच्या दुकानातला खल, औषधाच्या दुकानात गेला पाहिजे.’

‘आणि कुटायचं कोणी, गिऱ्हाइकांनी? नाही नाही, तुम्ही न्या.’

‘तुम्हाला माझी शपथ आहे.’

‘शपथ कसली घालता? मी मोठा आहे की नाही? मग माझं ऐका!’

‘मोठे आहात म्हणूनच न्या म्हणतोय ना!’

आवाज चढले हो आमचे! चहावाला धावत आला, ‘अहो, भांडू नका, सभ्य माणसं दिसता, एकानं घ्या आणि मोकळे व्हा!’ त्याला बिचाऱ्याला कुठं ठाऊक, आम्ही घ्यायला नाही, न घ्यायला भांडतोय! एवढ्यात साडूंची बस आली. ते बत्ता माझ्यापुढे ठेवून पळायला लागले. मी बरा सोडतो! एका हातात बत्ता, कडेवर खल, गुडघ्यांची पर्वा न करता मागून चढलो बसमध्ये, खल त्यांच्या मांडीवर आदळला, बत्ता वर ठेवला, आणि खाली उडी! जिंकलो! बस हलली. तेवढ्यात खिडकीतनं साडूंचा हात बाहेर, ‘अहो, रिकाम्या हातानं कुठं जाता! निदान हा तरी घ्या!’ आणि बत्ता माझ्या हातात! आणि बस गेली!

मी रस्त्यात उभा. हातात बत्ता. पाच मिनिटांपूर्वी खल आमच्याकडे होता आणि बत्ता त्यांच्याकडे. आता बत्ता आमच्याकडे आणि खल त्यांच्याकडे. हा दोन घरच्या दोन कर्त्या पुरुषांनी मिळून काढलेला तोडगा!

घरी गेलो. ही ओट्यापाशी उभी, समोर किल्ल्यांचा ढीग, खलाच्या जागी पांढरा गोल. ‘खल कुठाय?’ मी पिशवीतनं बत्ता काढला. तिनं बत्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, चहावाला, साखर, शपथ, खिडकी... म्हटलं आता भूकंप. तर तिनं बत्ता हातात घेतला. नुसता धरून उभी राहिली, आई धरायची तसा, अंगठा वर ठेवून. मग गेली, पालथा फोन सुलटा केला.

‘ताई...’

पलीकडून मग ताईंचा आवाज, मला इकडे ऐकू येत होता, ‘तुझ्याकडे काय आलंय?’

‘बत्ता. तुझ्याकडे?’

‘खल.’

मी दाराआड. आणि मग ताई तिकडून फुटल्या आणि ही इकडून! अशा हसल्या, अशा हसल्या की हिला ओट्याला धरून खाली बसावं लागलं. ‘दोघांना मिळून एक खलबत्ता घरी आणता येत नाही गं!’ ‘अगं, आमचे तर मांडीवर घेऊन आले, वर म्हणतात तुझ्या बहिणीनं प्रेमानं पाठवलाय!’ ‘आमच्यांनी लिंबू लावलं होतं त्याला!’ ‘लिंबू?!’ दोन वर्षांचं साठलेलं आमच्या अकलेवर निघालं. चहा झाला, दिवेलागण झाली, चालूच! मध्येच रडल्या, नाक ओढलं, पुन्हा आमच्यावर आल्या. मी बाहेर खुर्चीत बसून ऐकत होतो. जन्मात इतका अपमान इतका गोड लागला नव्हता मला. खालच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, काय झालं?

आता ह्यावर गोष्ट संपली पाहिजे की नाही? तुम्हीच सांगा. पण नाही! मला तर सुख लागलं होतं, जड खल त्यांच्याकडे, बत्ता माझ्याकडे, शबनम पिशवीत घातला की चाललो. पण ताईंनी खल दुकानात ठेवला आणि लोक त्यात चिल्लर टाकायला लागले! वाटलं, कुठल्या तरी मदतनिधीचा आहे. एकानं तर चघळलेलं च्युइंगगम टाकलं. ताईंनी फोन केला, ‘तुझं बरोबर होतं गं. घेऊन जा तू.’ ही म्हणाली, ‘आणि बत्ता तू घे. आईनं कुटायला शिकवलं ते तुला आधी.’ म्हणजे पुन्हा जसं होतं तसं! खल आमच्याकडे, बत्ता तिकडे. आणि दर रविवारी दोघींनी एकत्र बसून आठवड्याची मिरी कुटायची. एवढीशी मिरी हो, मूठभर! कुटायची ताईंकडे, कारण ताईंना आमचा जिना चढवत नाही. मला चढवतो! मला उतरवतो! उचलायचा कोणी? आम्ही!

मागच्या रविवारी त्या दोघी आत कुटत होत्या, एक कुटणार, एक खल धरणार, मध्येच थांबून बोलणार, त्या मुठीला दुपार पुरते. मी बाहेर गुडघ्यांना मलम चोळत होतो. मलम साडूंचंच. ते जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, ‘साडूभाऊ, तुमचे हाल बघवत नाहीत. आता दोघींचं गोड झालंय. दोन्ही एकाच घरी ठेवू. इथं ठेवा, नाहीतर तुमच्याकडे न्या, पण हे ओझं थांबवू.’

तुम्हाला खरं सांगतो, माझे दोन्ही गुडघे एका सुरात हो म्हणाले! कंबर हो म्हणाली, खांदा हो म्हणाला! आणि तेवढ्यात आतून ही हसली. तसंच, ओट्याला धरून हसायची तसं. आणि तोंडातनं काय गेलं माझ्या? ‘नको. आहे तिथं राहू द्या.’

अहो, एका घरी ठेवला की झालं की! मग एक जण आपली एकटीच कुटत बसणार, दुसरीचा पाय कशाला निघेल घरातून? आधी एक रविवार चुकणार, मग दोन, मग कोणीतरी म्हणणार ती मोठी आहे, ती लहान आहे, आणि माझ्या घरात पुन्हा फोन पालथा. नको रे बाबा. त्यापेक्षा हा बरा. सासूबाईंनी मरताना काही सांगितलं नाही, पण मला वाटतं त्या वरून बघून म्हणत असतील, जावई बरा निघाला, फक्त जरा हळू चालतो.

आली वाटतं बस? आली, आली, आपलीच. तर वहिनी, तुम्ही विचारलं होतं ना बत्ता कुठाय, तो तिकडे वाट बघतोय. साडूंचा फोन आला होता सकाळी, ‘मिरी निवडून ठेवलीय, या सावकाश.’ सावकाश! दुसरं येता येतं का मला? ए भाऊ, तुम्ही त्याच बाजूला ना? मग जरा एक बंद तुम्ही धरा, एक मी धरतो, दोघांनी मिळून... अहो, पायरीपर्यंतच! अहो भाऊ... वहिनी? निदान कंडक्टरला सांगा हो, थांब म्हणावं, एक माणूस वाकलाय... चढले. चढले वाटतं सगळे. दोन घटका ऐकलं, माना डोलावल्या, आणि उचलायचा कोणी?

हं... आम्ही.